विश्लेषण : शहराच्या मधोमध असूनही सीताबर्डीचा किल्ला वर्षातून तीनच दिवस का उघडतो?

नागपूर रेल्वे स्थानकातून बाहेर पडल्यावर नजर वर गेली की झाडीने झाकलेली एक टेकडी दिसते. तिच्या एका बाजूला रेल्वे, दुसऱ्या बाजूला मेट्रोचे इंटरचेंज स्थानक, पायथ्याशी टेकडी गणेश मंदिर आणि भोवती शहरातील सर्वात गजबजलेली बाजारपेठ. ‘बर्डीवर जाऊन येतो’ हे वाक्य नागपुरात रोज हजारो वेळा उच्चारले जात असेल. मात्र ज्या बर्डीवरून या भागाला नाव मिळाले, त्या टेकडीवरच्या किल्ल्यात पाऊल ठेवलेले नागपूरकर त्यामानाने कमीच. कारण हा किल्ला सर्वसामान्यांसाठी वर्षातून केवळ तीन दिवस खुला असतो : २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. असे का? या किल्ल्यात नेमके काय घडले होते? आणि लष्कराच्या ताब्यात असलेल्या वास्तू जगात इतरत्र कशा पाहायला मिळतात?

किल्ला तीनच दिवस का उघडतो?

याचे उत्तर सोपे आहे. सीताबर्डी किल्ला हे केवळ ऐतिहासिक स्मारक नाही, तो आजही वापरात असलेला लष्करी तळ आहे. प्रादेशिक सेनेच्या ११८ इन्फंट्री बटालियनचे (ग्रेनेडियर्स) ठाणे येथे आहे. प्रादेशिक सेना म्हणजे नोकरी-व्यवसाय सांभाळून ठरावीक काळ लष्करी सेवा देणाऱ्या नागरिकांचे दल. जवानांची निवासस्थाने, कार्यालये, भांडारे असलेल्या ठिकाणी रोज पर्यटकांना मोकळा प्रवेश देणे सुरक्षेच्या दृष्टीने शक्य नसते. त्यामुळे प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन आणि स्वातंत्र्य दिन या तीन दिवशी दरवाजे उघडायचे, अशी प्रथा पडली आहे. या दिवशी सकाळपासूनच प्रवेशद्वाराबाहेर रांग लागते. त्यात आजोबांचा हात धरून आलेली नातवंडे असतात, तसेच शेजारच्या जिल्ह्यांतून सुट्टी साधून आलेली कुटुंबेही.

सीताबर्डी हे नाव कुठून आले?

याबाबत सर्वाधिक सांगितली जाणारी कथा दोन गवळी भावांची आहे. शीतलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद हे दोघे या टेकडीच्या परिसरात राहात आणि त्यांच्या नावांवरून आधी ‘शीतलाबद्री’ व पुढे बोलता-बोलता ‘सीताबर्डी’ झाले, असे म्हणतात. ही लोककथा आहे, तिला लेखी पुराव्याचा आधार नाही. इंग्रजांनी आपल्या कागदपत्रांत या नावाचे ‘सीताबल्डी’, ‘सीताबुल्डी’ असे निरनिराळे उच्चार केले. मेट्रोच्या इंग्रजी फलकांवरचे स्पेलिंग ही त्याचीच उरलेली खूण.

मूळ नागपूर शहर मात्र या टेकडीपासून दूर, पूर्वेला होते. गोंड राजा बख्त बुलंद शहा याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नाग नदीकाठी वसवलेले आणि पुढे भोसल्यांनी राजधानी केलेले शहर म्हणजे आजचा महाल आणि आसपासचा भाग. तेथून टेकडी दोन-अडीच किलोमीटरवर. भोसल्यांच्या दरबारातील ईस्ट इंडिया कंपनीच्या रेसिडेंटचे निवासस्थान, म्हणजे रेसिडेन्सी, याच टेकडीच्या पश्चिमेला होती. राजवाडा एका बाजूला, रेसिडेन्सी दुसऱ्या बाजूला आणि मध्ये टेकडी. १८१७ मध्ये जे घडले, त्याचा अर्धा उलगडा या भूगोलातच होतो.

लढाईची ठिणगी कशी पडली?

दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या मृत्यूनंतर १८१६ मध्ये नागपूरची गादी त्यांचे पुत्र परसोजी यांच्याकडे आली. ते राज्य चालवण्यास असमर्थ असल्याने कारभार चुलतभाऊ मुधोजी ऊर्फ अप्पासाहेब यांच्या हाती गेला. दरबारातील विरोधकांवर मात करण्यासाठी अप्पासाहेबांनी २७ मे १८१६ रोजी कंपनीशी तैनाती फौजेचा करार केला. म्हणजे इंग्रजांची फौज नागपुरात राहणार आणि तिचा खर्च नागपूरने द्यायचा. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजींचा संशयास्पद मृत्यू झाला आणि अप्पासाहेब स्वतः राजे झाले. गादी मिळाली, पण करारामुळे हातही बांधले गेले होते.

त्याच वर्षी पुण्यात पेशवा दुसरा बाजीराव आणि इंग्रज यांच्यातील तणाव टोकाला गेला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. पेशव्यांकडून किताब आणि मानाची वस्त्रे स्वीकारू नयेत, असे रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स यांनी अप्पासाहेबांना बजावले होते. पेशव्यांशी उघड युद्ध सुरू असताना हा किताब स्वीकारणे म्हणजे कंपनीच्या शत्रूच्या बाजूने उभे राहणे, असा त्याचा अर्थ होता. अप्पासाहेबांनी २४ नोव्हेंबरला दरबार भरवून ती वस्त्रे स्वीकारली. जेन्किन्स यांनी फौज बोलावून सीताबर्डीच्या टेकड्यांवर तैनात केली.

लढाईत काय घडले?

येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आपण एकवचनात ‘टेकडी’ म्हणत असलो, तरी त्या काळच्या वर्णनांत दोन टेकड्या आहेत. दक्षिणेकडची मोठी आणि उत्तरेकडची लहान. दोन्हींमध्ये सुमारे ३०० यार्डांचे, म्हणजे पावणेतीनशे मीटरचे अंतर आणि मध्ये सखल खिंड. लहान टेकडी शत्रूच्या हाती गेली, तर तेथून डागलेल्या तोफांचा मारा मोठ्या टेकडीवर सहज पोहोचणार होता. म्हणजे बचावाचा सर्व भार दुबळ्या बाजूवर होता.

कंपनीकडे जेमतेम दीड हजार सैन्य होते. त्यात मद्रासच्या पायदळाच्या दोन पलटणी, बंगालच्या घोडदळाच्या तीन तुकड्या आणि रेसिडेंटचे रक्षक दल. सेनापती होते लेफ्टनंट कर्नल स्कॉट. समोर भोसल्यांचे घोडदळ आणि पायदळ मिळून सुमारे १८ ते २० हजारांचे सैन्य आणि ३५ च्या आसपास तोफा. या फौजेचा कणा होता तीन-साडेतीन हजार अरब सैनिकांचा. पगारावर ठेवलेले हे अरब निष्णात आणि चिवट लढवय्ये म्हणून प्रसिद्ध होते.

२६ नोव्हेंबरच्या सायंकाळी तोफा धडाडू लागल्या आणि लढाई मध्यरात्रीनंतरपर्यंत चालली. सर्वाधिक जोर लहान टेकडीवर होता. थोड्या उसंतीनंतर २७ तारखेच्या पहाटे पुन्हा मारा सुरू झाला. सकाळी लहान टेकडीवर दारूगोळ्याच्या गाड्याचा स्फोट होऊन गोंधळ उडाला आणि अरबांनी ती संधी साधून टेकडी घेतली. तेथील तोफ त्यांनी मोठ्या टेकडीकडे वळवली. पायथ्याच्या वस्तीतूनही मारा वाढला. कंपनीचे सैन्य जवळपास घेरले गेले होते.

याच वेळी बंगाल घोडदळाचा कॅप्टन फिट्झगेराल्ड याने चढाईची परवानगी मागितली. आधी ती नाकारली गेली, तरीही आग्रह धरून तो मैदानात उतरला. रेसिडेन्सीच्या बाजूला जमलेल्या भोसल्यांच्या घोडदळावर त्याने हल्ला चढवला आणि दोन तोफा ताब्यात घेतल्या. टेकडीवरून हे पाहणाऱ्या पायदळाला बळ आले. तेवढ्यात लहान टेकडीवर अरबांच्या बाजूलाही दारूगोळ्याचा स्फोट झाला. ही संधी साधून पायदळाने लहान टेकडी परत मिळवली. दुपारपर्यंत लढाई संपली. कंपनीच्या बाजूचे ठार आणि जखमी मिळून ३६७ जण होते, म्हणजे दर चार सैनिकांमागे साधारण एक. रेसिडेंटचा पहिला सहायक सोदबी हाही मारला गेला.

इतके मोठे सैन्य असूनही हार का झाली?

संख्या हेच बळ असते, तर निकाल वेगळा लागला असता. भोसल्यांच्या बाजूने प्रत्यक्ष झुंज दिली ती प्रामुख्याने अरब पायदळाने. हजारोंचे घोडदळ मैदानात असूनही ते एकदिलाने वापरले गेले नाही. सर्वात कच्चा दुवा होता निर्णयाचा. युद्ध करायचे की नाही, याबाबत अप्पासाहेब शेवटपर्यंत दोलायमान राहिले. हल्ला आपल्या आज्ञेवाचून झाला, असा निरोप त्यांनी लढाईनंतर रेसिडेंटकडे पाठवला. ज्यांच्या नावाने सैनिक मरत होते, तेच लढाई आपली नसल्याचे सांगत होते. अशा फौजेला दुसरी संधी मिळणे अवघड होते.

या लढाईकडे ‘इंग्रज विरुद्ध आपण’ इतक्या सरळ रेषेत पाहताही येत नाही. टेकडीवर लढणारे आणि पडलेले बहुसंख्य शिपाई मद्रास आणि बंगालच्या पलटणींतील भारतीयच होते. खालून चढणाऱ्यांमध्ये मराठे होते, तसे समुद्रापलीकडून आलेले अरबही. सत्ता कोणाची राहणार हे ठरत होते, पण त्यासाठी रक्त सांडणारे दोन्हीकडे पगारी सैनिकच होते.

पुढे काय झाले?

१२ डिसेंबरला ब्रिगेडियर जनरल डव्हटन मोठी कुमक घेऊन नागपुरात पोहोचले. १६ डिसेंबरला अप्पासाहेब रेसिडेन्सीत येऊन इंग्रजांच्या स्वाधीन झाले. त्याच दिवशी सक्करदऱ्याजवळ त्यांच्या सैन्याचा पराभव झाला. अरबांनी मात्र शहर सोडले नाही. जुम्मा दरवाजाजवळ २४ डिसेंबरला इंग्रजांनी केलेला हल्ला त्यांनी परतवून लावला आणि ३० डिसेंबरला अटी मान्य करून घेऊनच ते बाहेर पडले.

अप्पासाहेबांना काही काळ गादीवर ठेवून पुढे कटाच्या आरोपावरून अटक करण्यात आली. प्रयागकडे नेले जात असताना मे १८१८ मध्ये शिपायाच्या वेशात त्यांनी पहाऱ्यातून निसटून जाण्यात यश मिळवले. महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाने त्यांनी काही काळ झुंज दिली. शेवटी जोधपूरच्या राजाकडे त्यांना आसरा मिळाला आणि १८४० मध्ये तेथेच त्यांचा मृत्यू झाला. नागपूरच्या गादीवर इंग्रजांनी लहान वयाच्या तिसऱ्या रघुजींना बसवले. ११ डिसेंबर १८५३ रोजी ते निपुत्रिक वारले आणि लॉर्ड डलहौसीने दत्तकाचा हक्क नाकारून १८५४ मध्ये नागपूर संस्थान खालसा केले.

मग किल्ला बांधला कोणी?

येथेच सर्वात मोठा गैरसमज आहे. अप्पासाहेबांनी लढाईपूर्वी हा किल्ला बांधला, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. पण लढाईच्या तत्कालीन वर्णनांत तट नाही, बुरूज नाही, दरवाजा फोडल्याचा प्रसंग नाही. आहेत त्या खडकाळ, उघड्या टेकड्या. खडकामुळे खंदक खणणेही कठीण होते. तटबंदी असती, तर लहान टेकडी सकाळी गमावून दुपारी परत घेण्याची वेळच आली नसती.

किल्ल्याचा धागा सापडतो तो लढाईनंतरच्या तहात. जानेवारी १८१८ मध्ये अप्पासाहेबांवर ज्या अटी लादल्या गेल्या, त्यात सीताबर्डीच्या टेकड्या तटबंदीसाठी इंग्रजांना देण्याची अट होती. म्हणजे आज दिसणारा किल्ला हा भोसल्यांच्या बचावाची नव्हे, तर त्यांच्या पराभवाची वास्तू आहे. राजधानीवर नजर ठेवण्यासाठी जिंकणाऱ्याने तो उभारला. त्याच्या तोफांचे तोंड बाहेरच्या शत्रूकडे जितके होते, तितकेच शहराकडेही होते.

याचा प्रत्यय ४० वर्षांनी आला. जून १८५७ मध्ये नागपुरातील घोडदळाच्या शिपायांनी उठावाचा बेत आखला होता. तो फसला, काहींना फाशी देण्यात आली आणि किल्ला इंग्रजांचा मुख्य आधार ठरला. टिपू सुलतानचे नातू मानले जाणारे नवाब कादर अली आणि त्यांच्या आठ साथीदारांना याच किल्ल्यात फाशी दिली गेली, अशी परंपरा आहे. त्यांची मानली जाणारी कबर किल्ल्यात आहे आणि दरवाजे उघडण्याच्या दिवशी अनेक जण तेथे फुले वाहतात.

किल्ल्यात काय पाहायला मिळते?

रायगड किंवा प्रतापगडाची अपेक्षा ठेवून गेलेल्यांची निराशा होऊ शकते. येथे उंच कडे नाहीत, बालेकिल्ला नाही. दगडी प्रवेशद्वार, तटाचे भाग, जुन्या तोफा, १८५७ च्या हुतात्म्यांचे स्मृतिस्थळ आणि इंग्रज काळातील बांधकामे पाहता येतात. राजे पंचम जॉर्ज यांनी १९११-१२ च्या भारत दौऱ्यात नागपूरच्या जनतेला येथून दर्शन दिले होते, त्याची आठवण सांगणारा स्तंभही आहे. एकाच आवारात इंग्रज राजाचा स्तंभ, फाशी गेलेल्यांची कबर आणि भारतीय लष्कराचा ध्वज हे दृश्य क्वचितच कुठे दिसते.

खरी मौज आहे ती वरून शहर पाहण्यात. पूर्वेला महालची दाट वस्ती, खाली रेल्वेचे रूळ, पश्चिमेला सिव्हिल लाइन्सची झाडी. लढाईचा नकाशा समजून घ्यायला येथे उभे राहण्यासारखा दुसरा मार्ग नाही. रेल्वे नागपुरात १८६७ मध्ये आली आणि सध्याच्या स्थानकाची इमारत १९२५ मध्ये सुरू झाली. ज्या मैदानात घोडदळाची चढाई झाली, तेथे आज रस्ते, इमारती आणि उड्डाणपूल आहेत.

लष्कराच्या ताब्यातील किल्ले इतरत्र कसे पाहतात?

फ्रान्समधील व्हँसेनचा किल्ला हे सीताबर्डीशी जुळणारे उदाहरण. पॅरिसच्या पूर्व टोकाला असलेल्या या किल्ल्याचा सुमारे ५० मीटर उंच मनोरा चौदाव्या शतकात पूर्ण झाला. पुढे तो तुरुंग, शस्त्रागार आणि लष्करी ठाणे झाला. आजही फ्रेंच संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाचे दप्तर तेथेच आहे. तरीही मनोरा आणि प्रार्थनामंदिर तिकीट काढून जवळपास वर्षभर पाहता येते. आवाराची विभागणी हे त्यामागचे सूत्र. पर्यटकांचा मार्ग वेगळा आणि संरक्षण खात्याच्या इमारती वेगळ्या. पॅरिस मेट्रोच्या पहिल्या मार्गिकेचे शेवटचे स्थानक या किल्ल्याच्या दारातच आहे. गमतीची बाब म्हणजे, ज्या मोजक्या दिवशी हा किल्ला बंद असतो त्यात १ मे येतो, तर सीताबर्डीचा किल्ला ज्या मोजक्या दिवशी उघडतो त्यातही १ मे आहे.

एरवी बंद असलेल्या वास्तूंसाठीही फ्रान्समध्ये सोय आहे. १९८४ पासून तेथे सप्टेंबरमध्ये ‘वारसा दिवस’ पाळले जातात. त्या दिवसांत राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे प्रासादासह अनेक सरकारी इमारतींची दारे नागरिकांसाठी खुली होतात. पुढे ही कल्पना युरोपभर पोहोचली. सीताबर्डीची तीन दिवसांची प्रथा याच जातीची म्हणता येईल.

भारतातील जवळचे उदाहरण दिल्लीच्या लाल किल्ल्याचे. १८५७ नंतर इंग्रजांनी तेथे लष्करी छावणी केली आणि स्वातंत्र्यानंतरही लष्कराचा मुक्काम राहिला. २००३ मध्ये लष्कराने तो पुरातत्त्व खात्याकडे सोपवला. आग्र्याच्या किल्ल्याचा मोठा भाग मात्र अजूनही लष्कराकडे आहे आणि पर्यटकांना उरलेला भाग पाहता येतो. म्हणजे पूर्ण हस्तांतर, अंशतः प्रवेश आणि ठरावीक दिवशी प्रवेश असे तीनही पर्याय देशात वापरात आहेत. सीताबर्डीचा आवार लहान आहे. त्यामुळे पर्यटकांचा मार्ग वेगळा काढणे आग्र्याइतके सोपे नाही, ही अडचणही लक्षात घ्यावी लागते. दुसरीकडे, लष्कराच्या पहाऱ्यामुळेच शहराच्या ऐन मध्यावर, सोन्याचा भाव असलेल्या जागेत ही टेकडी झाडांसह शिल्लक राहिली.

भेट द्यायची तर काय लक्षात ठेवावे?

नागपूर मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डी इंटरचेंजला मिळतात, तेथून किल्ला पायी अंतरावर आहे. उघडण्याच्या दिवसांत परिसरात गर्दी असल्याने स्वतःचे वाहन टाळलेले बरे. ओळखपत्र सोबत ठेवावे. प्रवेशाच्या वेळा त्या-त्या वेळी जाहीर होतात, त्या पाहूनच निघावे. छायाचित्रे आणि मोबाइलबाबत प्रवेशद्वारावरील सूचना पाळाव्यात, कारण हा लष्करी परिसर आहे. १ मे रोजी जाणाऱ्यांनी सकाळची वेळ गाठावी. विदर्भातले मे महिन्याचे ऊन दुपारी दगडी चढावर कोणाचीच गय करत नाही.

ज्यांना तीन दिवसांची वाट पाहायची नाही, त्यांच्यासाठी रामटेकजवळचा नगरधनचा किल्ला आहे. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच, असे अभ्यासक मानतात. येथील उत्खननात राणी प्रभावती गुप्त हिची मातीची मुद्रा मिळाली आहे.

नागपूरकरांसाठी याचे महत्त्व काय?

खडकीचे नाव शाळेच्या पुस्तकातून घरोघरी पोहोचले, कोरेगावच्या स्तंभासमोर दर १ जानेवारीला लाखो लोक जमतात. त्याच युद्धातील सीताबर्डीची लढाई मात्र तिच्याच शहरात फारशी चर्चेत नसते. पराभवाची आठवण कोणाला नको असते, हे एक कारण असू शकेल. दुसरे कारण अधिक साधे आहे. जी जागा पाहता येत नाही, तिची गोष्ट सांगितली जात नाही. नोव्हेंबरची २६ आणि २७ तारीख दरवर्षी येते, तेव्हा किल्ल्याचे दार बंद असते आणि खाली बाजार नेहमीसारखा भरलेला असतो.

किल्ला आणखी किती दिवस उघडावा, हा निर्णय लष्कराचा. पण आहेत ते तीन दिवस शहराच्या हातात आहेत. शाळांनी त्या दिवशी ध्वजवंदनानंतर मुलांना टेकडीवर नेले आणि दोन टेकड्यांमधली ती पावणेतीनशे मीटरची खिंड नुसती दाखवली, तरी इतिहासाचा एक धडा पायी चालून पूर्ण होईल.